झालरीचं कव्हर

परवा निजामपुऱ्यातल्या दुकानात फ्रिजचं कव्हर बघताना त्याची झालर बोटांना लागली आणि मला आमचा पहिला कॉम्प्युटर आठवला.

शेजारच्या लूमच्या कारखान्यातला कापूस आमच्या घरात सतत उडायचा. त्याने नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून मी कॉम्प्युटरच्या सीपीयूच्या डब्याला जाड कापडाचं, झालरीचं कव्हर शिवलं होतं. माझा रोहन गेम खेळतानाही ते मी काढू देत नसे. पुढे कॉम्प्युटर खेळता खेळता बंद पडू लागला. रोहनने गेम काढून पुन्हा टाकला, वायरी बदलून पाहिल्या, पण काही उपयोग झाला नाही.

"खेळून खेळून वाट लावलीस त्याची!" मी ओरडले.

"आई, शपथ, मी काही नाही केलं."

खोटं बोलतो म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. कव्हर काढून डब्याला हात लावताच त्याने तो झटकन मागे घेतला.

"भाभी, कितना गरम है! ढक के क्यों रखा? हवा कहाँ से जाएगी?"

"कव्हर मीच घातलं होतं रे," मी रोहनला कसंबसं म्हटलं. त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने कव्हरवरचा कापूस झटकला, नीट घडी करून ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "फेकू नको हां, टीव्हीला घाल."

तेव्हा मला हायसंच वाटलं. आज वाटतं, त्या दिवशी सातवीतल्या पोराला मी जवळ घ्यायचं होतं, आणि सावरलं मात्र त्याने मला.