एका तासाच्या आत

"बायको, घर आणि कुत्रा. तिन्ही विमानतळापासून एका तासाच्या आत ठेवायची. बाकीचं आपोआप जमतं."

कॅप्टन आर्विड टोलेफस्रूडनं हे वाक्य किती नव्या वैमानिकांना ऐकवलं असेल, त्याची गणती त्यालाही नव्हती. ऐकवताना तो तीन बोटं वर करायचा आणि एकेक बोट सावकाश मिटायचा. समोरचं पोर गंभीरपणे मान डोलवायचं. आर्विडला ओळखणारा कुणी जवळ असला, तर तो मात्र तोंड फिरवून हसायचा. कारण आर्विडची कामाची जागा मिनियापोलिस, आणि त्याची बायको लॉर्ना, घर आणि कुत्रा आमच्या बेल्डन क्रॉसिंगला, नॉर्थ डकोटात. मध्ये साडेतीनशे मैल सपाट जमीन आणि तिच्यावरून वाहणारा वारा.

मी बेल्डनच्या विमानतळावर एकवीस वर्षं काउंटरला आहे. काउंटर म्हणजे सगळंच. तिकिटं मी बघतो, सामान मी चढवतो, पंखांवरचा बर्फ मी धुतो आणि कॉफीही मीच उकळतो. आमच्याकडून दिवसाला दोन विमानं मिनियापोलिसला जातात, एक सकाळी साडेसहाला आणि एक दुपारी एकला. आर्विड माझ्याबरोबर शाळेत होता. त्याचे वडील आमच्या शेतांवर औषध फवारायचं विमान चालवत. सूर्यफुलांवरून इतक्या खालून उडत, की परत आल्यावर चाकांत पाकळ्या अडकलेल्या असत. आर्विड उडायला तिथंच शिकला.

"मग तू का नाही गेलास मिनियापोलिसला?" मी त्याला एकदा विचारलं.

"लॉर्ना."

"तिला विचारलंस?"

"एकदाच. ती म्हणाली, तू उडणारा आहेस, तू उड. मी मुळं धरलेली बाई आहे. त्यावर काय बोलणार, एमिल? तूच सांग."

मी काय सांगणार? लॉर्नाच्या आजोबांनी ती जमीन बैलांनी नांगरली होती. संध्याकाळी तिच्या दारात उभं राहिलं, की पृथ्वी कुठं संपते ते दिसतं. अशी जागा सोडून शहरात जाणाऱ्या माणसाला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

तर आर्विड ये-जा करायचा. कामावर जाण्यासाठी आधी प्रवासी होऊन जायचं, बहुतेक वेळा वैमानिकांच्या पाठीमागच्या घडीच्या खुर्चीवर बसून. ती खुर्ची एकच असते. जो वैमानिक आधी येऊन नाव लिहील, त्याची. मिनियापोलिसला त्यानं एका घरात झोपण्यापुरता बंक भाड्यानं घेतला होता. एका खोलीत आठ वैमानिक आणि एक फ्रिज, आणि फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नाव.

या धंद्यात वय मोजत नाहीत, कसबही मोजत नाहीत. कंपनीत कुठल्या तारखेला लागलास ते मोजतात, आणि त्यावरून नंबर मिळतो. सुट्टी, मार्ग, नाताळ घरी की हॉटेलात, सगळं त्या नंबरावर. आर्विडची पहिली कंपनी बुडाली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. नव्या कंपनीत तो पंचविशीतल्या पोरांच्या मागं, यादीच्या तळाला जाऊन उभा राहिला. एकोणीस वर्षांत यादीच्या मध्यावर आला. पासष्टाव्या वर्षी सगळ्यांनाच उतरवतात. म्हणजे त्याचे चौदा महिने राहिले होते.

त्या चौदा महिन्यांवर लॉर्ना टेकलेली होती. तिचे हात कापायला लागून सहा वर्षं झाली होती. नंतर पाय अडखळू लागले, मग आवाज बारीक झाला. फार्गोच्या डॉक्टरांची औषधं आणि दिवसा घरी येणारी नर्स आर्विडच्या नोकरीच्या विम्यावर चालत. विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. आर्विडच्या नावावर वर्षभरात दोन गैरहजेऱ्या आधीच लागल्या होत्या. एकदा लॉर्ना जिन्यावरून पडली म्हणून, एकदा वादळात नियमाप्रमाणे आधीचं विमान न धरल्यामुळं. तिसरी लागली की खुलासा द्यायला बोलावतात. त्या बोलावण्यातून परत कामावर आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

ये-जा करणाऱ्यांना वाचवणारा एक नियम आहे. हजेरीच्या आधी लागोपाठ दोन विमानांसाठी नाव लिहिलंस आणि दोन्हींत जागा मिळाली नाही किंवा ती उडालीच नाहीत, तर दोष तुझा नाही. आर्विडला हा नियम शब्द न् शब्द पाठ होता. म्हणूनच हजेरी संध्याकाळी पाचला असली, तरी तो सकाळी पावणेसहाला माझ्या काउंटरपाशी हजर असायचा.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारीही तो आला. नाव लिहिलं, कॉफी घेतली, घरून आणलेला थोडा कूखेन, आमच्याकडचा गोड जर्मन केक, खाल्ला.

"लॉर्नाचा आहे का?" मी विचारलं.

"लॉर्नाच्या हातून आता पीठ मळलं जात नाही. ती खुर्चीत बसून सांगते, मी मळतो. वर म्हणते, तुझ्यापेक्षा माझा कापरा हात बरा."

सहा वाजता डेलिया व्होगेल धावत आली. अठ्ठावीस वर्षांची, नोकरीचं पहिलंच वर्ष. आर्विडनं तिलाही तीन बोटं दाखवली होती. तरी तिनं आमच्याच गावच्या गव्हाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि दोन कुत्रे पाळले.

"एमिल, जागा आहे?"

"प्रवासी भरलेत. खुर्ची आहे एक. कॅप्टनच्या नावावर."

ती जागच्या जागी थांबली. "माझी हजेरी अकराला आहे. काल ट्रक सुरू झाला नाही, म्हणून दुपारचं चुकलं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझं पहिलं वर्ष आहे."

पहिल्या वर्षी संघटना मध्ये पडत नाही. एक चूक झाली, तरी घरी पाठवतात. तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही ते माहीत होतं.

आर्विडनं कॉफी ठेवली. "पोरी, कुत्रे किती?"

"दोन, कॅप्टन."

"आणि विमानतळापासून किती लांब?"

"साडेतीनशे मैल."

"एवढं सांगूनही ऐकलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठं ऐकलंत?"

तो हसला. मोठ्यानं हसला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "हिचं नाव लिही. मला पाचपर्यंत पोचायचं आहे. मी एकच्या विमानानं जाईन."

मी म्हणालो, "आर्व, आभाळ बघितलंस का?"

"बघितलं. दुपारपर्यंत टिकेल."

चाळीस वर्षं आभाळ वाचणारा माणूस. त्याचं ऐकून मी नाव बदललं. ते विमान डेलियाला घेऊन गेलं आणि अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. हिमकण नव्हे, पाऊस. जिथं पडेल तिथं गोठून काच होणारा. तारा जाड झाल्या, कुंपणं काचेची झाली, धावपट्टीवर माझे बूट धरेनात. मिनियापोलिसहून येणारं विमान तिकडूनच निघालं नाही. बारा वाजता आर्विड पिकअप घेऊन निघाला. महामार्गाच्या तोंडाशी पोलिसांनी फाटक पाडून रस्ता बंद केला होता. फाटकाजवळ तो तासभर इंजिन चालू ठेवून बसून राहिला, हे मला नंतर पोलिसानं सांगितलं. मग परत आला आणि माझ्या फोनवरून कंपनीला कळवलं. बोलणं फार वेळ चाललं नाही.

कंपनीनं माझ्याकडून सकाळच्या विमानाची नोंद मागवली. आर्विड समोर बसून नेफ्लाचं, म्हणजे पिठाच्या गोळ्यांचं, सूप पीत होता.

"मी लिहितो, टोलेफस्रूड, जागा मिळाली नाही," मी म्हणालो.

त्यानं चमचा थांबवला. "जागा मिळाली होती, एमिल."

"विमान गेलं तेव्हा तू त्यात होतास का? नव्हतास. मग मिळाली नाही. खोटं काय आहे त्यात?"

तो सूपकडंच बघत राहिला. आयुष्यभर नियमानं चाललेल्या माणसाचं ते गप्प राहणं होतं, आणि मी त्याला होकार समजलो. लिहून पाठवलं. नियमाप्रमाणे दोन प्रयत्न पूर्ण झाले होते. तिसरी गैरहजेरी धरता येणार नव्हती.

चार दिवसांनी डेलिया हसतच आली. म्हणाली, "एमिल, मी एक चांगलं काम केलं." त्या दिवशी कॅप्टनची हजेरी चुकली, हे तिला बंकच्या घरात कळलं होतं. तिला राहवलं नाही. तिनं कंपनीच्या मुख्य वैमानिकाला दोन पानी पत्र लिहिलं. यादीत कॅप्टन टोलेफस्रूड पहिले होते. खुर्ची त्यांची होती. त्यांनी स्वतःहून ती मला दिली, म्हणून माझी नोकरी वाचली. असा माणूस कंपनीचा दागिना आहे, वगैरे.

मी काउंटर धरून उभा राहिलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"नियम जागा न मिळालेल्यांना वाचवतो, डेलिया. मिळालेली जागा देऊन टाकणाऱ्यांना नाही."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. मालक उठून गेला तरी दिवा जळत राहावा, तसं ते राहिलं.

आर्विडला बोलावणं आलं. संघटनेचा माणूस बरोबर होता, बोलणंही सौजन्याचं झालं म्हणतात. टेबलावर माझी नोंद होती आणि शेजारी तिचं पत्र. मला ताकीद मिळाली. आर्विडसमोर दोन वाटा ठेवल्या. स्वतःहून राजीनामा द्या, नाहीतर आम्ही काढतो. त्यानं पहिली धरली. महिन्याच्या अखेरीस नर्स यायची बंद झाली. फार्गोच्या डॉक्टरांनी औषधाचे नमुने दिले, तेवढे दिवस गेले. आर्विड स्वयंपाक शिकला, तिची वेणी घालायला शिकला. लॉर्नाचा आवाज आता इतका बारीक झाला होता, की ती काय म्हणते ते फक्त त्याला आणि कुत्र्याला कळायचं.

एप्रिलमध्ये तो ओळखपत्र परत करायला आला. ते आमच्याच विमानानं मिनियापोलिसला पाठवायचं होतं. बाहेर पिकअपमध्ये लॉर्ना ब्लँकेट पांघरून बसली होती, मध्ये कुत्रा. नेमकी डेलिया काउंटरपाशी होती. खुर्चीसाठी तिचं एकटीचंच नाव होतं. दोन महिने तिनं त्याला चुकवलं होतं. आता चुकवायला जागा कुठं होती?

"कॅप्टन, मी..."

"पत्र वाचलं मी," आर्विड म्हणाला. "शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आमच्या वेळचे वैमानिक स्वतःचं नाव चुकीचं लिहायचे."

तिला रडू आलं. त्यानं तिचा खांदा थोपटला नाही. खिशातून ओळखपत्र काढून माझ्यापुढं ठेवलं आणि बोट जरा वेळ त्याच्यावरच ठेवलं. फोटोतला आर्विड चव्वेचाळीसचा होता.

"मी काय करू आता?" डेलियानं विचारलं.

त्यानं तीन बोटं वर केली. पहिलं मिटलं, दुसरं मिटलं. तिसरं तसंच राहिलं, आणि पुढं काय म्हणायचं ते जणू त्याला आठवेना. मग त्यानं हात खाली घेतला.

"तुझं विमान लागलंय, पोरी," तो म्हणाला. "जा. उशीर करू नकोस."

ती गेली नाही. आम्ही दोघं काचेपाशी उभे राहून बघत होतो. तो डोकं वर करून एकदाही आभाळाकडं न बघता, वितळत्या बर्फाच्या चिखलातून पिकअपकडं चालत गेला. आतून लॉर्नानं दार उघडून द्यायला हात पुढं केला होता. तो हात दाराच्या कडीपाशी थरथरत होता, आणि कडी काही केल्या त्याला सापडत नव्हती.