चार कोपऱ्यांचं भांडं

आमच्या खानापूरच्या कुंभारवाड्यात बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, हा नियम. माती आणायची आम्ही, चाळायची आम्ही, तुडवायची आम्ही. पण चाक फिरवायचं पुरुषांनी आणि मडकं कुणाचं, तर त्यांचं. लग्न होऊन आले तेव्हापासून हे मला खुपायचं.

जर्मनीच्या लढाईच्या वर्षांत बेळगावचे एक वकील रेल्वेनं आमच्याकडं आले. तिथल्या लष्करी कॅम्पातल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात त्यांनी वीतभर उंचीचं वडाचं झाड पाहिलं होतं आणि त्यांना वामनवृक्षांचं वेड लागलं होतं. झाडासाठी उथळ, चौकोनी भांडं हवं होतं, बुडाला भोकं असलेलं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लगेच हो म्हटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

चाकावर चौकोन निघतो कुठला? मालकांनी गोल परळ, म्हणजे पसरट थाळी, काढून चारी बाजूंनी थापीनं ठोकून पाहिला. कोपरे फाटले. दुसऱ्यांदा सगळंच खाली बसलं. "येडं झालंय वकील," असं म्हणून ते उठून गेले. मग मी गोळा उचलला, राख पसरलेल्या फळीवर भाकरीसारखा थापला, सुरीनं चौकोन कापला आणि कडेला मातीच्या पट्ट्या उभ्या केल्या. चाकाला शिवलेच नाही, त्यामुळे कुणाला बोलायला जागा नव्हती. पहिल्या भांड्याचे कोपरे वाळताना उकलले. पुढच्या वेळी सांध्यात आतून मातीची वळी दाबली आणि वर ओलं फडकं टाकून सावकाश वाळू दिलं. अशी चार-पाच केली.

बुडाला भोकं पाडली आणि घरात भडका उडाला.

"भोकाचं मडकं मसणात लागतंय," सासूबाई कडाडल्या. "लग्नाच्या मडक्यांसंगं भट्टीत घालशील तर बघ! एक गिऱ्हाईक दारात येणार न्हाय."

"मग माझी मी भाजते," मी म्हणाले. तोंड माझं पहिल्यापासून तिखटच.

परड्यात खड्डा खणला, शेणी रचल्या, वर भाताचं तूस टाकलं. सासूबाई दारात बसून नुसत्या बघत होत्या. आच एकीकडंच लागली आणि बाकीची सगळी तडकली. एकच धड निघालं, तेही एका अंगानं काळं. मी ते पोटाशी धरलं. लुगडं खराब झालं, पण मला आनंद आवरत नव्हता.

वकील आले. त्यांनी कोपरे बोटानं चाचपून पाहिले आणि मालकांच्या पाठीवर थाप मारली. "हात चांगला आहे तुझा. अजून अशीच कर."

मालकांनी हो म्हणून नुसती मान हलवली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली; पण परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

तेवढ्यात जन्मभर माती तुडवलेल्या सासूबाई आतून पदर सावरत आल्या.

"त्याला काय सांगतायसा, सायेब? चाकाबिगर त्याला कायबी येत न्हाय. सुनेनं केलंय ते. काय पायजे ते तिला सांगा."

मालकांनी मान खाली घातली. वकील माझ्याकडं वळले.

"बाई, पुढचं जरा खोल करता येईल?"

गिऱ्हाइकानं मला विचारायची ती पहिलीच वेळ.

"येईल," मी म्हणाले, आणि मालकांकडं बघितलंसुद्धा नाही.