दातारबाईंची ताकद

बाईंच्या हाताची पकड ज्याने अनुभवली, तो ती विसरला नसेल. दिसायला किरकोळ, जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. पण लुळ्या पडलेल्या माणसाला कमरेच्या पट्ट्याला धरून खाटेवरून अलगद उभं करत. अर्धांगवायूने माझी डावी बाजू गेली, तेव्हा वारज्यातल्या एका उपचार केंद्रात मी त्यांच्या हाती पडलो. दातारबाई तिथल्या फिजिओथेरपिस्ट. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलेलं, त्यामुळे पाय उचलण्यापेक्षा तो का उचलत नाही यावर बोलायची मला हौस. पहिल्याच दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं, "आपल्याला चालायचंय की व्याख्यान द्यायचंय?" त्यानंतर मी गुपचूप प्रयत्नाला लागलो.

त्याच सुमारास केंद्रात चालायला शिकवणारा रोबो आला. पेशंटला पट्ट्यांनी तोलून धरायचा, त्याच्या पायांना यंत्राचे पाय बांधले की सरकत्या पट्ट्यावर एकसारखी पावलं टाकून घ्यायचा. आता बाईंचं काय, अशी कुजबुज सुरू झाली. माझ्या बायकोने तर त्यांना सरळ विचारलंच. बाईंना राग आला नाही. त्याची ताकद माझ्याहून जास्त आहे, म्हणाल्या. संध्याकाळी माझी पाठ भरून येते, त्याची येत नाही. जे त्याला चांगलं जमतं ते त्याच्याकडूनच करून घ्यावं. आणि त्यांनी स्वतःच मला त्यात बांधलं.

रोबोत मी छान चालू लागलो. बाहेर मात्र काठी घेऊनही दारापर्यंत जायचा धीर होईना. पडण्याच्या भीतीने पाय जागीच थिजत. बाईंनी काही दिवस हे पाहिलं आणि एका सकाळी जमिनीवर जाड गादी अंथरली.

"तो आपल्याला पडू देत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून पडल्यावर उठायचं कसं, ते त्याला शिकवता येत नाही. ते माझ्याकडे."

आधी त्या स्वतः कुशीवर पडल्या, मग मला पाडलं. उठताना मी पुन्हा कोसळलो आणि चारचौघांत हुंदके देऊन रडलो. बाई शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. हात दिला नाही, समजूत घातली नाही, घाईही केली नाही. माझं रडून झाल्यावर फक्त खुर्ची थोडी जवळ सरकवली. तिच्या आधाराने मी उठलो. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः दूध घेऊन आलो.

काही वर्षांनी कळलं, बाईंनाच स्नायू झिजवणारा आजार जडला आहे. खडकीला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर त्यांच्या हातात चहाचा कपही ठरत नव्हता. यजमान त्यांना चमच्याने चहा पाजत होते. बोटं हलती राहावीत म्हणून आता त्यांच्याही मनगटाला एक छोटा रोबो बांधत. कसं वाटतं, असं मी विचारलं.

"काम चोख करतो. दमत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी दमले, हे त्याला सांगावं लागतं." मग यजमानांकडे पाहून म्हणाल्या, "यांना सांगावं लागत नाही."

त्या गेल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही जुने पेशंट खडकीला जमलो. कोणी काठी टेकत आलेलं, कोणी पाय ओढत. घरापासून शववाहिनीपर्यंत खांदा आम्हीच देणार, असं आम्ही त्यांच्या यजमानांना सांगितलं. त्यांच्या पुतण्याने आमच्याकडे पाहिलं आणि खांदा द्यायला तरुण माणसं आहेत, असं हलकेच सुचवलं. यजमान म्हणाले, "नको. यांनाच नेऊ दे."

तिरडी सारखी एका बाजूला कलत होती. कोणाचं पाऊल कोणाशी जुळत नव्हतं. आम्ही जागोजाग थांबलो, एकमेकांना सावरलं, आणि बाईंना कुठेही खाली टेकू न देता गाडीपर्यंत नेलं.