चार पावलांवरचा माठ

शेवंताबाईला कामाला ठेवायला कुणी आलं, की पगाराचं नि वेळेचं बोलणं मागे राहायचं. ती आधी एकच विचारायची, "पानी कोन पाजी?" पाणी कोण पाजणार? येणाऱ्याला वाटायचं, बाई तिरपागडी दिसते.

पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी येऊन सगळं करणारी तिच्यासारखी बाई जळगावात दुसरी नव्हती. पिंपळनेरकडच्या महारवाड्यात जन्मली. नवरा गेल्यावर धुळ्याला एका दवाखान्यात आया झाली. माणूस उचलायचा कसा, कुशीवर वळवायचा कसा, पाठीला जखम कशी होऊ द्यायची नाही, हे बघून बघून शिकली. शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिच्या हातांना अक्कल होती.

अडुसष्ट साली जळगावच्या कापडवाल्या नेमीचंद शेटजींच्या आई प्रेमकुंवर, घरच्या सगळ्यांच्या माजी, यांना लकवा झाला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. घरात सून लाडकुंवर एकटी. कुण्या कंपाउंडरने शेवंताचं नाव सुचवलं. लाडकुंवरने कामं मोजून सांगितली: आंघोळ, मालीश, हागणं-मुतणं, लुगडं बदलणं, सगळं तुमच्याकडे.

"फक्त माठाला हात लावायचा नाही, बाई. पाणी घरचं माणूस पाजेल."

माठ माजींच्या खाटेपासून चार पावलांवर होता. तोंडातून गळणारी लाळ पुसायला जो हात चालत होता, तोच त्या तोंडात पाणी घालायला चालत नव्हता. शेवंताला हे कळलं नाही असं नाही. पण असं ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, आणि पोटाला भाकर लागते. ती हो म्हणाली.

माजींचा डावा हात तेवढा हलायचा. शेवंताने त्याच्या बोटाला बोलायला शिकवलं. खाटेच्या लाकडावर एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, तीन म्हणजे भांडं. एक टिचकी वाजली, की ती लाडकुंवरला हाक मारायची. चौथी खूण माजींनी आपणच काढली. काही नको असलं तरी बोट शेवंताच्या मनगटावर ठेवून पडून राहायचं. तिचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही.

वैशाखात चाळीसगावला लग्न निघालं. घरचे सकाळच्या गाडीने गेले. पाणी पाजायला शेजारची मंजू येऊन जाणार होती. माजींना चौविहार होता: सूर्य बुडाला की उगवेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. चाळीस वर्षांचा नेम. दुपारी मंजू येऊन गेली. संध्याकाळी आलीच नाही. ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलं.

एक टिचकी. पुन्हा एक.

"मंजू ई राह्यनी, माजी," शेवंता म्हणाली. येतेच आहे.

माजींनी हात उचलून माठाकडे दाखवलं. मग बोट शेवंताच्या मनगटावर टेकवलं.

शेवंताला समजलं. तरी तिने न समजल्यासारखं केलं. उद्या कुणाच्या कानावर गेलं, तर हे काम जाईल आणि पुढचं कुणी देणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ती धावत जैन स्थानकापाशी गेली, मंजू तिथे प्रवचनाला बसली होती. दाराबाहेर उभं राहून तिने निरोप धाडला. मंजू प्रवचन संपल्यावरच उठली. दोघी परतल्या तेव्हा भिंतीवर ऊन नव्हतं.

मंजूने वाटी ओठांशी नेली. माजींनी ओठ घट्ट मिटले. डोळे शेवंतावर होते. त्यानंतर बोट वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर, रात्रीच्या गाडीने परतलेल्या लाडकुंवरने चमच्याने पाणी घातलं, ते ओठांच्या कडेने उशीवर उतरलं.

बायका म्हणाल्या, चौविहारात गेल्या, पुण्यवान. नेमीचंद चारचौघांत सांगायचा, बाई काय इमानदार, घर रिकामं होतं तरी माठाला शिवली नाही! या एका गोष्टीवर शेवंताला घरोघरून बोलावणी आली. लोक जिचं कौतुक करत होते, तीच गोष्ट तिच्या घशात हाडकासारखी अडकली होती. तेव्हापासून तो प्रश्न. 'आम्ही पाजू' असं कुणी म्हटलं, की ती उठायची. भुसावळच्या एका इंजिन ड्रायव्हरने "तुम्हीच पाजा, अक्का, विचारता काय?" म्हटलं, तिथे ती त्याच्या बापाजवळ चार वर्षं राहिली.

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नेमीचंद आपण होऊन तिच्या खोलीवर आला. आता लाडकुंवर अंथरुणाला खिळली होती. घाम पुसत म्हणाला, तुमच्यासारखी बाई शोधून सापडत नाही. शेवंताने, आल्या माणसापुढे ठेवावा तसा, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"पानी कोन पाजी, शेटजी?"

"घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे, शेवंताबाई."

तिने तांब्या त्याच्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाली, "माजीनी मना हातनं पानी मांगं व्हतं. माले समजेल व्हतं. तरी मी दिधं नही."

नेमीचंद तांब्याकडे बघत राहिला. सुकल्या ओठांवरून त्याने जीभ फिरवली. दाराबाहेर ऊन रणरणत होतं, सूर्य बुडायला पुष्कळ अवकाश होता. तो उठला, टोपी घातली आणि गेला.

भरला तांब्या शेवंताने संध्याकाळपर्यंत उचलला नाही.