देंदेराला मी एकटी गेले होते

इजिप्तला एकटी जाणार म्हटल्यावर दादाने पेपर खाली ठेवला. "एकटी म्हणजे कुणाबरोबर?"

"एकटी म्हणजे एकटी."

"मग टूरने जा. आपलेच लोक असतात, जेवायला वरणभात असतो."

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळत होते. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यापासून कोथरूडला दादावहिनींकडेच राहायचे. कंपनीने अमेरिकेला पाठवलं तेव्हाही एकटीच गेले होते, पण ते 'ऑनसाइट' होतं, सोसायटीत चारचौघांना सांगण्यासारखं. स्वतःच्या रजेत, स्वतःच्या हौसेने देवळं बघायला जायचं, तर मात्र सोबत हवी! तिकीट काढून मगच घरी सांगितलं होतं, म्हणून गेले.

लक्झरहून रेल्वेने केना गाठलं. देंदेराचं देऊळ तिथून जवळ आहे. स्टेशनाबाहेर पडताच एका पोलिसाने अडवलं. एकट्या परदेशी माणसाला पोलिसांशिवाय पुढे सोडायचं नाही, असा तेव्हा तिकडे नियम होता.

"हजबंड?" त्याने विचारलं.

"नो हजबंड."

"ब्रदर?"

इथेही दादा! डोकं तिथेच तापलं. टॅक्सीत तो पुढे बसला आणि देवळातही मागे मागे आला.

देऊळ हाथोर देवीचं. आत शिरले आणि त्याला विसरले. कवेत न मावणारे खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर देवीचा चेहरा, आणि ते चेहरे कुणीतरी कधीकाळी छिन्नीने फोडलेले. छताचा काही भाग काजळीने काळा, काही नुकताच साफ केलेला. तिथला निळा रंग असा, की काल दिला असावा. मान वर करून उभी होते, तेवढ्यात मागून खणखणीत मराठी ऐकू आलं. "सगळ्यांनी टॉयलेटला जाऊन घ्या, नंतर बस थांबणार नाही!"

पुण्याचीच टूर होती. पोलिसाचा चेहरा उजळला. "इंडिया! इंडिया!" म्हणत त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि टूरवाल्याच्या हातात दिली. चुकलेली शेळी कळपात सोडावी तशी. आणि स्वतः बाहेर सावलीत सिगारेट ओढायला गेला.

"या मॅडम, आमच्यात या," टूरवाला म्हणाला. "एकट्या कशाला फिरताय?"

"मी फिरत नव्हते, बघत होते." मी पिशवी हिसकावून घेतली.

त्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी, पुण्यात कुठे, कोथरूडला घर कुठलं, अशी चौकशी सुरू केली. निघाले दादाचे टेकडीवर फिरायला जाणारे स्नेही. "म्हणजे तुम्ही त्यांच्या भगिनी! त्यांनी तुम्हाला एकटं पाठवलं?"

"पाठवलं नाही. मी आले."

त्यांची बायको मात्र छतावरच्या चित्राकडे बघत होती. साठीची असावी, साडी सोडून नुकताच पंजाबी ड्रेस घातल्यासारखी ओढणी सारखी करत होती. "अहो, ही लांबलचक बाई कोण?"

"तुला काय करायचंय? चल, बस सुटेल."

मग तिने मला विचारलं. मी सांगितलं, ही आकाशाची देवी, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते.

"रोज?"

"रोज."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वर गच्ची आहे म्हणे. मला जायचंय."

"तुझे गुडघे?" नवरा ओरडला.

"गुडघे माझे आहेत."

मी तिचा हात धरला. झिजलेल्या पायऱ्यांवरून आम्ही हळूहळू वर गेलो. खाली टूरवाला शिट्ट्या मारत होता. वरून एका बाजूला हिरवी शेतं आणि दुसरीकडे नुसतं वाळवंट. "सिंगापूर झालं, युरोप झालं," ती म्हणाली. "पण विचाराल तर मला बसच्या काचाच आठवतात."

तेवढ्यात गृहस्थ धापा टाकत वर आले. सगळा ग्रुप जेवायला खोळंबलाय, अक्कल आहे का, असं त्या बाईला माझ्यासमोर बोलले. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला घरदार नाही, हिला आहे!"

माझा तोल गेला. वडिलांच्या वयाच्या माणसावर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. "बायकोला फिरवायला आणलंय की मोजून परत न्यायला? दोन घटका तिला बघू द्या! तुमचं जेवण पळून जात नाही!"

तिनेच माझ्या दंडावर हात ठेवला. "जाऊ दे गं. मला यांच्याबरोबरच घरी जायचंय." आणि ती कठडा धरत खाली गेली.

मी गच्चीवरच बसून राहिले. देऊळ पुन्हा माझं एकटीचं झालं होतं, पण पुढचा कितीतरी वेळ मला काही दिसलंच नाही. नवऱ्याचा राग आला होता, पोलिसाचा आला होता, आणि खरं सांगायचं तर तिचाही.

पुण्याला पोचले तर तक्रार माझ्याआधी पोचलेली. वहिनीने चहा पुढे ठेवला आणि आत गेली. "लोकांच्या बायकांना फितवतेस?" दादा म्हणाला. "मला उद्या टेकडीवर तोंड दाखवायचंय."

"देऊळ कसं होतं, हे तरी विचार."

"देवळाचं काय विचारायचंय!"

त्याच आठवड्यात मी भाड्याने फ्लॅट बघायला लागले. बाणेरला, औंधला नव्या इमारती उभ्या राहत होत्या, पण जिथे जावं तिथे एजंट विचारायचा, "फॅमिली आहे ना?" पगाराची स्लिप कुणी बघायचं नाही, नवरा बघायचे. शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कात्रजला, एका म्हाताऱ्या मालकिणीने काही न विचारता किल्ली दिली.

ऑफिस जवळ पडावं म्हणून बहीण वेगळी राहते, असं दादा अजून लोकांना सांगतो. कात्रजहून हिंजवडी जवळ! एकदा नकाशा उघडून बघ म्हणावं.