आठ कोपऱ्यांची मालन
मालन रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावची. नवरा बोटीवर, मुलगी नोकरीला लागलेली. घरात दिवस जाईना म्हणून ती रत्नागिरीत राजाभाऊंच्या तसबिरींच्या दुकानात काचा पुसायला लागली. वर्षभरात चौकटीच्या पट्ट्या कापायचं मशीन तिच्या हाती आलं. पातं पंचेचाळीस अंशांवर वळवायचं, पट्टी घट्ट धरायची, पातं पूर्ण फिरू लागलं की मगच खाली आणायचं. बारा वर्षं तिने तेवढंच केलं, पण तिच्या चौकटीचा कोपरा कधी उघडा पडला नाही.

देवरूखच्या एका वाचनालयाचे फोटो मढवायला योगिनी दुकानात आली. इमारतीच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडे होतं. चौकटीच्या जोडावरून बोट फिरवत तिने विचारलं, "हे कोणी कापलं?"

"आमच्या मालनने," राजाभाऊ म्हणाले.

वाचनालयाचं दालन अष्टकोनी, जुन्या चिऱ्याचं. छताच्या कडेने सागवानी पट्टी बसवायची होती. विनीत मिस्त्रीने हिशेबाप्रमाणे प्रत्येक टोक साडेबावीस अंशांवर कापलं, तरी एकही जोड मिटला नव्हता. लाकूड थोडंच उरलं होतं.

"मालनताई, याल का?" योगिनीने विचारलं.

तसबिरीपलीकडे मालनने कधी काही केलं नव्हतं. तरी तोंडून निघालं, "येतंय. बघतंय करून."

देवरूखला त्या दालनात शिरल्यावर तिने विनीतच्या मशीनला लगेच हात लावला नाही. शिडीवर चढून एकेका कोपऱ्यात जाड कागद दाबला, दोन्ही भिंतींच्या कडेने कापला. खाली येऊन आठही कागद एकावर एक ठेवले. एकाचा कोन दुसऱ्याशी जुळेना.

"मिस्त्री, हिशेब तुमचा बरोबर होता," ती म्हणाली. "भिंतीच आठ तऱ्हेच्या आहेत."

मग तिने प्रत्येक कागदाची कडेला कड लावून बरोबर मधोमध घडी घातली. त्या घडीच्या कोनावर पातं वळवलं आणि आधी टाकाऊ तुकडे कापले. दोन टोकं कोपऱ्यात धरली. मिटली! विनीत बाजूला उभा होता, तो न सांगता शिडी धरायला पुढे आला.

सात पट्ट्या बसल्या. आठवी शेवटची. ती तोकडी पडली तर दुसरं लाकूड नव्हतं. मालनने ती केसभर लांब ठेवली. वर नेऊन लावली, अडली. खाली आणून पात्याने नुसती खरवडली. पुन्हा वर. पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला तळव्याने ठोकताच पट्टी जागेवर बसली आणि 'टक्' असा आवाज दालनभर घुमला.

योगिनीने वर चढून जोडात नख घालून पाहिलं. "नख जात नाही हो, मालनताई!"

मालन शिडीवरून उतरली आणि दालनाच्या मधोमध उभी राहून गोल फिरली. आठ भिंतींवरून एकच सलग रेघ तिच्याबरोबर फिरत होती. केसांत भुसा, घामाने साडी चिकटलेली, आणि ती मोठमोठ्याने हसत होती.

"ताई," विनीत हळूच म्हणाला, "मालगुंडला माझं एक काम आहे. जिना आहे, वळणाचा. मला जमत नाही. याल?"

"येईन. पण पातं मी धरणार," मालन म्हणाली, "आणि शिडी तुम्ही."

"कबूल!" विनीत म्हणाला, आणि पट्ट्यांचे तुकडे गोळा करायला लागला.