आत्यांची खोकण्याची शाळा

कुणी आजारी पडल्याचं कळलं की साऱ्या जगातली माणसं 'काय झालं?' असं विचारतात. माझ्या बायकोच्या आत्या मात्र आधी 'बाई की पुरुष?' असं विचारतात. ताप, जुलाब, कावीळ, खरूज, काहीही असो. डहाणूपासून वाणगावपर्यंत कुठेही कुणी अंथरूण धरलं की आत्यांना पहिल्यांदा एवढंच कळायला हवं असतं. शेजाऱ्यांची म्हैस आजारी पडली तेव्हासुद्धा सवयीने त्यांच्या तोंडून तोच प्रश्न गेला होता. शेजारी बिचारे काही वेळ म्हशीकडे बघत राहिले.

आत्यांची चिकूची वाडी डहाणूजवळ, आगर गावाच्या वाटेवर. यजमान गेल्यापासून वाडी त्याच बघतात, आणि वाडीबरोबर येणाऱ्याजाणाऱ्यांची प्रकृतीही बघतात. रोगराई बाई आणि पुरुष बघून घरात शिरते, असं त्यांचं ठाम मत. आता हिवतापाचं घ्या. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच मुक्कामात, मी ओट्यावर उघडाबंब पडून वारा खात होतो, तर आत्या कंदिलासारखा चेहरा करून समोर उभ्या. "जावईबापू, या गावात ताप पुरुषांना जास्त का येतो, ठाऊक आहे?" मी म्हटलं, कामाचा ताण असेल. "ताण कसला! बाई आत चुलीच्या धुरात झोपते आणि पुरुष बाहेर डासांना जेवायला वाढून झोपतो." एवढं बोलून त्यांनी मला लांब बाह्यांचा सदरा, पायजमा आणि मोजे घालायला लावले. मे महिना होता. डास एकही चावला नाही हे खरं, पण सकाळी मला अंथरुणातून उठवण्याऐवजी पिळून वाळत घालायला हवं होतं.

बरं, मीही आत्यांच्या सिद्धान्ताला कायम पुरावे पुरवत आलो आहे. मला साधी सर्दी झाली तरी मी कपाळाला पट्टी बांधून आडवा होतो आणि दर शिंकेनंतर मुलांची नावं घेतो. आमची ही ताप अंगावर काढून पोळ्या लाटते. "तुमची सर्दी किनाऱ्यावरच्या होड्यांनासुद्धा कळते," असं आत्या म्हणतात. "आणि माझ्या भाचीचा ताप तिच्या तव्यालाही कळत नाही. मग डॉक्टरला वाटणारच की पुरुषच जास्त आजारी पडतात!"

हे बोलणं मी हसण्यावारी नेत असे, पालघर जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. त्या थंडीत सुकरीचं प्रकरण झालं.

सुकरी आणि तिचा नवरा लाडक्या, दोघं तलासरीकडच्या पाड्यावरचे. आत्यांच्या वाडीतच राहून काम करायचे. लाडक्या झाडावरून चिकू उतरवायचा, सुकरी बाकीच्या बायांबरोबर ते धुऊन निवडायची. आदल्या वर्षी लाडक्याला क्षय झाला होता. तो सापडायला वेळ लागला नाही, कारण लाडक्या असा खोकायचा की झाडावरची वटवाघळं दिवसाढवळ्या उडायची. आत्यांनी त्याला दवाखान्यात धाडलं, महिनोन्‌महिने समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या, आणि तो खडखडीत बरा झाला.

आता सुकरी वाळत चालली होती. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. कडेवरची पोर तिला पेलेना. खोकला यायचा, पण पदरात तोंड खुपसून ती तो असा दाबायची की शेजारच्या बाईला वाटावं, ही हसतेय. आत्यांनी तिला तपासणीला पाठवलं. निकाल आला, काही नाही. लाडक्या खूश झाला, सुकरी खूश झाली, आणि योगायोगाने तिथे हजर असलेला मी तर पेढे आणायला निघालोच होतो.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "सुकरी, डबीत काय दिलंस?"

"थुंकी दिली, आत्याबाय."

"कशी दिलीस? करून दाखव."

सुकरीने मान वळवली, पदर ओठांना लावला आणि चिकूची बी तोंडातून काढावी तसं अगदी नाजूक काहीतरी केलं.

"अगं, ही तोंडातली लाळ! छातीतला बेडका द्यायचा असतो. सांगितलं नव्हतं तुला?"

"सांगलेलं. पन बाजूला बाप्ये उभं होतं ना. मना लाज वाटली."

 आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंत? लाडक्याचा रोग वटवाघळांनासुद्धा कळला. हिचा डबीलाही नाही कळला."

दुसऱ्या दिवसापासून चिकूच्या थोरल्या झाडाखाली खोकण्याची शाळा भरली. सुकरीला एकटीला शिकवलं तर ती मान वर करणार नाही, म्हणून निवडणीवरच्या साऱ्या बाया विद्यार्थिनी. सुकरीला वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब उभं केलेलं, बाकीच्या वरच्या अंगाला. आत्या मधोमध, कमरेला पदर खोचून. "दीर्घ श्वास घ्या. धरा. आता पोटातून!" बाया फिदीफिदी हसत. एक म्हणाली, "आत्याबाय, आमची सासू आयकल ना, तर घरात नाय घेयाची!"

"सासूलाही घेऊन ये," आत्या म्हणाल्या. "जन्मभर आपल्याला गिळायलाच शिकवलंय. हसू गिळा, शिंक गिळा. आता बाहेर काढायचं." आणि त्यांनी स्वतः असं काही खाकरून दाखवलं की वाडीच्या फाटकाशी आलेला चिकूचा व्यापारी तसाच टेम्पोत जाऊन बसला.

मग पुन्हा दवाखाना. माझ्या जुन्या व्हॅनच्या साऱ्या काचा खाली, बायांच्या तोंडाला फडकी, आणि चालक अस्मादिक. नमुना उघड्यावर द्यायचा असतो, म्हणून इमारतीच्या मागे चिंचेखाली जागा दाखवली होती. तिथेही दोन-तीन पुरुष बिड्या ओढत उभे. आत्यांनी एक हात वर केला. "सगळ्या पुरुषांनी तोंड भिंतीकडे!" बिड्यावाले वळले. मी वळलो. वाटेने जाणारे एक गुरुजी कारण न विचारता वळले.

"चला ग!" आत्या ओरडल्या, आणि साऱ्या जणी एकदम खोकायला लागल्या. कोण आजारी, कोण धडधाकट, कुणालाही ओळखू येऊ नये असा तो गदारोळ. दवाखान्याचा रखवालदार काठी घेऊन धावत आला. त्यालाही भिंतीकडे वळवण्यात आलं. त्या गलक्यात, कुणाच्याही कानावर न येता, सुकरी आयुष्यात पहिल्यांदा पोटातून खोकली.

या वेळी रोग सापडला. सुकरी रडायला लागली. आत्या म्हणाल्या, "रडतेस काय? इतके दिवस लपला होता, आता जाईल कुठे?" डॉक्टर तरुण होते. "काकू, पुरुषांना हा रोग जास्त होतो हे खरंच आहे," ते म्हणाले. "पण बायकांचा सापडत नाही, हेही तितकंच खरं." अर्धी का होईना पण डॉक्टरांनी मान्य केलेली बाजू आत्यांनी मला पुढे वर्षभर ऐकवली. पोरीलाही त्यांनी तपासून घेतलं. ती ठीक होती. गोळ्या चालू झाल्या, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुकरीच्या चोळीच्या बाह्या पुन्हा दंडाला घट्ट बसायला लागल्या.

परवा, म्हणजे या एकोणीस सालच्या दिवाळीत, आम्ही वाडीवर गेलो होतो. आत्या थकल्यात. त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला. रात्री जेवताना लक्षात आलं, त्या मधूनमधून पदर तोंडाशी नेत होत्या. ही म्हणाली, "आत्या, खोकला आहे का ग?" "छे! ठसका लागला. मुलं आलीत दिवाळीला, आणि माझं काय घेऊन बसलीस?"

सकाळी पाहतो तर सुकरी ओट्यासमोर उभी. हातात दवाखान्यातून आणलेली डबी. आत्या म्हणत होत्या, "अगं, मला काही नाही झालेलं." सुकरी माझ्याकडे वळली. "जावईदादा, तोंड भिंतीकडं."

मी मुकाट्याने वळलो. भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत कान देऊन उभा राहिलो. एवढ्या मोठ्या आवाजाच्या आत्या, पण मागून आला तो चिकूची बी तोंडातून काढावी इतकाच नाजूक आवाज.

"ह्या नाय चालं, आत्याबाय," सुकरी म्हणाली. "पोटातून."